मोडशी, मोर्देशी, मोर-द-शियाँ

बीदर जिल्ह्यातल्या कमलनगर, औराद, भालकी या पट्ट्यात एकाच रोगाची निदान पाच नावं कानावर पडतात. जुनी माणसं त्याला पटकी म्हणतात किंवा नुसतं मरी. ढाळवांती हा रोजच्या बोलण्यातला शब्द. उर्दूतून शिकलेली पिढी हैजा म्हणायची, कारण १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. कन्नड बोलणारे शेजारी वांतिभेदी म्हणतात. आणि दवाखान्याच्या कागदावर लिहिला जातो तो कॉलरा. मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी एका घरात नांदणाऱ्या या सीमाभागात कोणालाही याचं नवल वाटत नाही.

नवल वाटावं असा शब्द आणखी एक आहे आणि तो सहसा या यादीत येत नाही. तो म्हणजे मोडशी. आज कोकणात आणि गोव्यात मोडशी म्हणजे अपचन, पोट बिघडणं, फार तर चार उलट्या. पण सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हाच शब्द पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज वैद्यांच्या लिखाणात पटकीचं नाव म्हणून वावरत होता. मोर्शी, मोर्देशी, मोर्देशीं, मोर्डिशीन अशी त्याची रूपं होत गेली. शेवटी फ्रेंचांच्या तोंडी तो ‘मोर-द-शियाँ’ झाला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो ‘कुत्र्याचं मरण’. तेच रूप मद्रासच्या इंग्रज डॉक्टरांनी उचललं. एका मराठी-कोंकणी शब्दाने युरोपीय वैद्यकात अडीचशे वर्षं काढली आणि मग तो पुसला गेला. त्या जागी ग्रीक ‘कॉलरा’ बसला आणि तोच पुढे आपल्या बोलीत उतरला.

या शब्दाबद्दल आजवर दोन गोष्टींवर वाद झाला आहे. तो मुळात कुठला, हा पहिला. दुसरा वाद अधिक महत्त्वाचा आहे: या शब्दाच्या जुन्या नोंदींवरून पटकीची साथ १८१७ पूर्वीही हिंदुस्थानात होती असं म्हणता येईल का? पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. दुसऱ्याच्या बाबतीत विद्वानांनी शब्दावर जरुरीपेक्षा जास्त भार टाकला, असं माझं मत आहे.

सुरुवात गार्सिया द ओर्तापासून करावी लागते. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे तो वैद्य म्हणून जात असे. त्यामुळे केवळ गोव्याचा किनारा नव्हे, तर घाटावरचा दख्खनही त्याने पाहिलेला होता. १५६३ मध्ये गोव्यातल्या छापखान्यात त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक आहे. कामोंइश या महाकवीची पहिली छापील कविताही त्यातच आहे. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. तो १५६८ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, जाळलं आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळण्यात आली. ज्या ग्रंथाने आपल्या भागातले शेकडो शब्द युरोपला कळवले, त्याच्या कर्त्याच्या वाट्याला हे आलं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

या ग्रंथातला सतरावा संवाद रंगलेला असताना एक नोकर धावत येतो. त्याच्या मालकाच्या भावाला दोन तासांपासून मोर्शी झाली आहे, वैद्याने अवेळी का होईना ताबडतोब यावं, असा निरोप तो देतो. ओर्ता निघतो. त्याच्याशी बोलत बसलेला रुआनो विचारतो की, पटापट माणसं मारणारा, ज्यातून क्वचितच कोणी वाचतं तो रोग हाच का? ओर्ताचं उत्तर या सगळ्या चर्चेचा पाया आहे. तो सांगतो की, आमच्यात याला ‘कोलेरिका पासिओ’ म्हणतात, इथले लोक मोर्शी म्हणतात आणि तोच शब्द बिघडवून आम्ही मोर्देशी करतो. अरबांचं नावही तो देतो आणि ते ‘हचैझा’ असं लिहितो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा हैजा तो हाच. म्हणजे कमलनगरच्या दोन शेजाऱ्यांकडे असलेली दोन नावं साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात छापलेल्या एकाच पानावर भेटतात.

मग तो लक्षणं सांगतो. नाडी क्षीण होते, कधी लागतच नाही. अंगाला गार घाम सुटतो. तहान भागत नाही. डोळे खोल जातात, पिंढऱ्यांत गोळे येतात. जून-जुलैमध्ये, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, रोगाचा जोर जास्त असतो. कित्येकदा माणूस दिवसभरही टिकत नाही.

ओर्ताच्या आधीची एक घटना गास्पार कुर्रैय याने लिहून ठेवली आहे. पोर्तुगीज हिंदुस्थानचा हा बखरकार गोव्यात राहत होता. त्याची बखर मात्र लिस्बनमध्ये छापली गेली ती एकोणिसाव्या शतकात. १५४३ च्या पावसाळ्यात गोव्यात मोर्शीची साथ आली. तान्ह्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणी सुटलं नाही. विष घेतल्यासारखी ओकारी, पाण्याचा सोस, मांड्या आणि तळपाय आखडून टाकणाऱ्या कळा, काळी पडलेली नखं, फुटल्यासारखे डोळे. शंभरात दहाही वाचत नव्हते आणि जे वाचले ते इथल्या लोकांच्या साध्या औषधांनी, असं कुर्रैय स्वच्छ लिहितो. चर्चच्या घंटा दिवसभर वाजायच्या. लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरने घंटा वाजवण्यावर बंदी घातली. इस्पितळात या रोगाने एक माणूस दगावला तेव्हा त्याचं शव जाणकारांकडून उघडून पाहण्याचा हुकूम झाला. पोटाची पिशवी कोंबडीच्या पेंडशासारखी आकसून, भाजलेल्या कातड्यासारखी सुरकुतलेली दिसली, बाकी काही सापडलं नाही. युरोपीय वैद्यकाच्या पद्धतीने हिंदुस्थानात झालेल्या शवविच्छेदनाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. ती मोडशी या शब्दाखाली झाली आहे.

आता शब्दाच्या मुळाकडे वळू.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ मध्ये निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द जमा करणारा हा कोश ‘मोर-द-शियाँ’ला बरीच जागा देतो आणि निकाल स्पष्ट देतो: हे पोर्तुगीज मोर्देशींचं बिघडलेलं रूप आहे, ते पोर्तुगीज रूप कोंकणी-मराठी मोडशी किंवा मोडवशी यावरून आलं आणि त्याचं मूळ ‘मोडणे’ या धातूत आहे. गोव्याच्या आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनीही १९१९ ते १९२१ या काळात निघालेल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशात हा शब्द घेतला. दाल्गादोंना मी यूल-बर्नेलपेक्षा जास्त मान देतो, कारण कोंकणी त्यांची घरची भाषा होती.

पण कोशकारांच्या शब्दावर थांबायची गरज नाही. आपण स्वतः पडताळा घेऊ शकतो आणि त्याचा पुरावा गोव्याच्या गावांच्या नावांत उघडा पडलेला आहे. पोर्तुगीजांना आपला ‘ड’ उच्चारता येत नसे. तिथे ते ‘र’ लिहीत. कुडतरीचं त्यांनी ‘कुर्तोरीं’ केलं, कुडचड्याचं ‘कुर्चोरें’. त्याच नियमाने मोडशीचं मोर्शी होतं, आणि ओर्ता तेच लिहितो. ‘श’साठी ते रोमी लिपीतलं ‘एक्स’ हे अक्षर वापरत. शब्दाच्या शेवटी दीर्घ ‘ई’ आली की तिला अनुनासिक जोडायची त्यांना सवय होती. पणजीचं ‘पांजीं’, डिचोलीचं ‘बिचोलीं’, मांडवीचं ‘मांडोवीं’. म्हणून मोर्देशीचं मोर्देशीं. मध्ये शिरलेला ‘द’ ही मूर्धन्य ड धरण्याची आणखी एक धडपड दिसते: एकाच वर्णाचं कोणी र ऐकलं, कोणी द, आणि कोणी दोन्ही लिहून मोकळं झालं.

इथून फ्रेंच रूपाकडे जाणं सोपं आहे. ‘मोर्’ ऐकताच फ्रेंच माणसाला मरण आठवणार, कारण त्याच्या भाषेत मरणाला मोर म्हणतात. ‘देशीं’ ऐकताच त्याला ‘द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचं, हे ऐकू येणार. परका शब्द आपल्या भाषेतल्या ओळखीच्या शब्दांत बसवून घेण्याची ओढ सगळ्याच भाषांना असते. इथे तर रोगाचं रूपच असं भयाण की कुत्र्याचं मरण हा अर्थ पटला आणि चिकटला. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभीच्या जेझुइट मिशनऱ्यांच्या पत्रांत हा बदल नोंदलेला आहे: हिंदुस्थानात ज्या मोठ्या अपचनाला मोर्देशीं म्हणतात त्याला आमच्यातले काही मोर-द-शियाँ म्हणू लागले आहेत, अशा आशयाची ती नोंद आहे. त्यातलं ‘मोठं अपचन’ लक्षात ठेवावं. पुढच्या वादाची किल्ली त्यात आहे.

इंग्रजीत हा शब्द थेट फ्रेंचांकडूनच आला असं नाही. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेत होता आणि १६७५ मध्ये मोगल किल्लेदाराच्या बोलावण्यावरून जुन्नरलाही जाऊन आला. तो पोर्तुगीज रूपच घेतो, मोर्डिशीन लिहितो, त्याचा अर्थ ओकारी आणि जुलाब असा देतो आणि त्यावर इथे निर्दयपणे डागण्या देतात अशी तक्रार करतो. तापलेल्या लोखंडाने टाचेला किंवा तळपायाला डागणं हा तेव्हाचा सर्वत्र सांगितलेला उपाय होता. सुरतेतल्या ओव्हिंग्टन या पाद्र्यानेही याच रोगाचं नाव टिपलं आहे. फ्रेंच रूप इंग्रजीत रुळलं ते अठराव्या शतकात, कारण मद्रास आणि पाँडेचेरी जवळजवळ आणि दोन्हीकडच्या सैन्यांत एकच रोग. १७८२ मध्ये ब्रिटिश आरमाराबरोबर असलेल्या कर्टिस या डॉक्टरने त्रिंकोमाली-मद्रासकडच्या खलाशांत पाहिलेला रोग याच नावाने सांगितला. १८१३ मध्ये जेम्स जॉन्सनने उष्ण प्रदेशांतल्या रोगांवरच्या पुस्तकात निकाल दिला की मोर-द-शियाँ म्हणजे दुसरं काही नाही, कॉलरा मॉर्बसचीच सर्वांत तीव्र पायरी. चार वर्षांनी बंगालमध्ये साथ उसळली आणि मराठी मुळाचा शब्द इंग्रजी वैद्यकातून कायमचा गेला.

जो शब्द राहिला त्याची कुळकथा काय? ग्रीक वैद्यकात ‘खोलेरा’ हा ओकारी-जुलाबाचा उन्हाळी विकार होता. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत तो आहे. ‘खोले’ म्हणजे पित्त, त्यावरून हा शब्द आला असं बहुतेक धरतात. प्राचीन काळातलीच दुसरी व्युत्पत्ती अशी की, पागोळ्यांचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीलाही ग्रीकमध्ये हाच शब्द होता आणि रोग्याच्या शरीरातून पाणी तसंच वाहतं. चार दोषांच्या सिद्धांतामुळे पित्ताची व्युत्पत्ती टिकली. संतापी माणसाला इंग्रजीत जे विशेषण लावतात ते याच मुळाचं, आणि आपणही पित्त खवळलं असं म्हणतोच. पण ज्या रोगाला आज कॉलरा म्हणतात त्यात नेमकं पित्तच दिसत नाही. मळाचा रंग जातो, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी पडत राहतं. लंडनच्या टॉमस सिडनहॅमने १६६९ च्या उन्हाळ्यात पाहिलेला कॉलरा आणि १८१७ मध्ये बंगालच्या जेसोरमधून निघालेला कॉलरा हे वेगळे रोग होते. एका नावाखाली दोन्ही आले, आणि मग फरक दाखवण्यासाठी ‘एशियाटिक’ हे विशेषण जोडावं लागलं. नाव ग्रीक, दोष मात्र आशियाच्या माथी.

संस्कृत वैद्यकाने पित्ताऐवजी वेदनेवरून नाव दिलं. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत अजीर्णातून होणाऱ्या विकारांत विषूचिका आहे. सुईने टोचल्यासारख्या वेदना म्हणून सूची या शब्दाशी तिचा संबंध लावतात. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मराठी वैद्यकीय पुस्तकांनी कॉलऱ्याला प्रतिशब्द म्हणून विषूचिका चालवला. तो पुस्तकातच राहिला. बोलीत चालली ती पटकी, एकाएकी पडणारी, पटकन उचलणारी. शिव्याशापांत तर ती अजून आहे.

मोडशीमध्ये मात्र रोग्याच्या शरीराचं काय होतं हे आहे. ताप यायच्या आधी अंग मोडून येतं, कष्टाने कंबर मोडते, माणूस मोडून पडतो. इंग्रज डॉक्टर ज्या अवस्थेला ‘कोलॅप्स’ म्हणू लागले, ती पटकीतली शेवटची अवस्था: अंग गार, नाडी गेलेली, आवाज बसलेला. यूल आणि बर्नेल यांनी मोडणेचा अर्थ सांगताना नेमका हाच शब्द वापरला आहे. मला ही व्युत्पत्ती पटते. त्याचबरोबर अन्न न पचता पोटात मोडणं हा सौम्य अर्थही त्याच धातूतून सहज निघतो, आणि मोडशीचा आजचा अर्थ तोच आहे.

वादाची गाठ इथेच आहे. ऑगस्ट १८१७ मध्ये जेसोरला डॉ. रॉबर्ट टायटलर यांनी साथ नोंदवली. नोव्हेंबरमध्ये पेंढारी मोहिमेवर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या बुंदेलखंडातल्या छावणीत तिने हजारो माणसं नेली. १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, फौजांबरोबर आणि रस्त्यांबरोबर ती नागपूर, औरंगाबाद, नगर, पुणे करत मुंबईला पोचली. नंतर जगभर पसरलेल्या साथींतली ही पहिली मानली जाते. त्यामुळे कॉलरा हा रोगच १८१७ मध्ये बंगालमध्ये जन्मला असा समज युरोपात पक्का झाला. जॉन मॅकफर्सन या बंगालमध्ये काम केलेल्या डॉक्टरने तो खोडायचा चंग बांधला आणि १८७२ मध्ये १८१७ पर्यंतच्या कॉलऱ्याचा इतिहास छापला. ओर्ता, कुर्रैय, डच प्रवासी लिन्शोटेन, फ्रायर, कर्टिस, १७८१ ची गंजामची साथ, १७८३ ची हरिद्वारची, असे पुरावे त्याने गोळा केले. यूल आणि बर्नेल त्याच्याच बाजूचे. त्यांच्या मते मोर-द-शियाँ हे नाव निराळं असल्यामुळेच जुना रोग ओळखला गेला नाही आणि १८१७ च्या जन्माची निराधार कल्पना रुजली.

त्यांच्या म्हणण्यातलं पहिलं अर्धं मला निखालस खरं वाटतं. नाव बदललं की रोगाचा इतिहास तुटतो. मोर्देशीं या शीर्षकाखाली असलेली पानं कॉलरा शोधणाऱ्याला सापडत नाहीत, आणि स्थानिक शब्द परक्या लिपीत पोचेपर्यंत कुत्र्याचं मरण झालेला असेल तर तो स्थानिक होता हेही कळत नाही. दुसरं अर्धं मात्र तपासून घ्यायला हवं. जिथे मोर्देशीं तिथे पटकी, असं समीकरण मॅकफर्सनच्या मागून येणाऱ्यांनी मांडलं. जेझुइट पत्रांतलं ‘मोठं अपचन’ त्याला आडवं येतं. मोडशी हा शब्द तेव्हाही रुंद होता. जेवण अंगावर आल्यापासून सहा तासांत जीव घेणाऱ्या रोगापर्यंत सगळं त्यात बसत होतं. मग एखाद्या प्रवाशाने नुसता शब्द टाकला आणि लक्षणं दिली नाहीत, तर त्यावरून पटकीची नोंद धरणं चूक आहे. मराठी जाणणाऱ्या वाचकाला हे लगेच दिसतं. लंडनमध्ये बसून जुनी पुस्तकं चाळणाऱ्याला ते दिसणं अवघड होतं.

म्हणून प्रत्येक नोंद तिच्या वर्णनावर तोलावी लागते. ओर्ताचा रोगी पटकीचाच वाटतो: गार घाम, बुडालेली नाडी, खोल गेलेले डोळे, गोळे आणि काही तासांत मृत्यू. १५४३ ची साथही बहुतेक तीच, कारण काळी नखं, आखडलेले स्नायू आणि दिवसाभरात मृत्यू हे दुसऱ्या रोगात एकत्र येणं कठीण. मात्र गुरं आणि कोंबड्याही मेल्या असं कुर्रैय लिहितो, आणि पटकी कोंबड्यांना मारत नाही. त्या सालात दोन संकटं एकत्र आली असावीत, किंवा भयाच्या दिवसांत सगळेच मृत्यू एका खात्यावर पडले असावेत. फ्रायरची नोंद पुरेशी नाही. ती साध्या हगवण-ओकारीचीही असू शकते. एवढी चाळण केल्यावरही १८१७ पूर्वी कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पटकी होती हे उरतंच. १८१७ मध्ये नवीन काय होतं, तर तिचा वेग आणि पल्ला: मोठ्या फौजा, लांबची कूच, गलबतं. रोग जुना, वाटा नव्या.

या वादात इथल्या लोकांचा आवाज क्वचितच घेतला गेला. तो देवीच्या नावात आहे. महाराष्ट्रात मरीआई, मुंबईकडे जरीमरी, तेलंगणाच्या बाजूला पोचम्मा, कर्नाटकात मरगम्मा. आमच्या सीमेवरच्या गावांत या नावांची सरमिसळ आहे. मंदिर बहुधा गावाबाहेर, शिवेजवळ. साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा, ही चाल एकोणिसाव्या शतकात दख्खनभर नोंदली गेली. यावरून गावागावांत तंटे होत, कारण गाडा स्वीकारणं म्हणजे साथ स्वीकारणं. रोग एका गावातून दुसऱ्या गावात माणसांबरोबर जातो हे या चालीला पक्कं ठाऊक होतं. जॉन स्नोने लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं ते १८५४ मध्ये, आणि त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला. तरी कित्येक सरकारी डॉक्टर पुढची तीस वर्षं दूषित हवेलाच दोष देत राहिले. रॉबर्ट कॉखने जंतू वेगळा केला आणि १८८४ मध्ये कलकत्त्यात त्याची खात्री पटवली, तेव्हा कुठे पाण्याकडे लक्ष वळलं. विसाव्या शतकात वाऱ्या-जत्रांच्या तोंडावर पटकीची सुई टोचण्याच्या मोहिमा निघाल्या त्या यानंतरच्या.

नावाचा प्रश्न पटकीपाशी संपत नाही, आणि गेल्या शतकात तो उलट दिशेने आमच्या दारात आला आहे. आता इंग्रजी वैद्यकीय नावांत आमची गावं आहेत. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला आणि जगाच्या पुस्तकात रोगाचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज झालं. कन्नडमध्ये तो मंगन कायिले, मराठीत माकडताप. दोडामार्ग-सिंधुदुर्गात तो आला तेव्हा लोकांनी हेच नाव घेतलं, क्यासनूर कोणी म्हटलं नाही. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या चांदीपुरा गावाच्या नावावरून त्याच पुण्याच्या संस्थेने आणखी एका विषाणूला नाव दिलं, आणि २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात मुलं दगावली तेव्हा ते नाव वर्तमानपत्रांत झळकलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या रोगांना गावांची, देशांची, माणसांची नावं देऊ नयेत असं सुचवलं. ‘एशियाटिक’ हे विशेषण शंभर वर्षं अंगावर वागवलेल्यांना ही सूचना उशिराची वाटली तर ते रास्त आहे. लक्षणावरून दिलेलं नाव कोणाच्या माथ्यावर बसत नाही. हिवताप, ढाळवांती, मोडशी ही सगळी आपली नावं तशी आहेत.

ओर्ताच्या त्या संवादातला आणखी एक भाग आज जास्त वाचला जायला हवा. इथले वैद्य मोडशीच्या रोग्याला मिरी-जिरं घातलेली तांदळाची कांजी पाजतात, असं तो सांगतो. बरोबर डागणंही होतं, हातपाय बांधणंही होतं, डोळ्यांत पिंपळी टाकणंही होतं. सगळंच शहाणपणाचं होतं असा दावा मी करणार नाही. पण कांजी बरोबर होती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांनी याच रोग्याचं रक्त काढलं, त्याला पारा मिसळलेलं कॅलोमेल दिलं, अफूचा अर्क दिला आणि कित्येकांनी पाणी तोडलं. सुकून मरणाऱ्या माणसाचं आणखी रक्त काढणं! १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या टॉमस लाटाने शिरेतून मिठाचं पाणी देऊन पाहिलं, पण ते मागे पडलं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत दिलीप महालनबीस यांनी शिरेतल्या सलाइनचा साठा संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांवरून ३ ते ४ टक्क्यांवर आलं. पुढच्या संशोधनात साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरलेलं पाणी पटकीत तितकंच, काही बाबतींत अधिक, उपयोगी ठरलं. ज्या समाजाने रोगाला मोडशी म्हटलं त्याच समाजाच्या चुलीवर पेज होती, आणि गोव्याच्या १५४३ च्या साथीत वाचलेल्यांबद्दल कुर्रैयने जे लिहिलं त्याचा अर्थ मला तरी असाच लागतो.

सीमाभागात या साऱ्याला रोजचं काम जोडलेलं आहे. कमलनगरच्या दवाखान्यात उदगीरकडची मराठी बाई येते, औरादची कन्नड बोलणारी येते, उर्दूत बोलणारे म्हातारे येतात, कोकणात मजुरीला जाऊन आलेला एखादा मोडशी हा शब्द घेऊन येतो. चौघांच्या शब्दांची रुंदी वेगवेगळी आहे. पटकी म्हटलं की घर हादरतं, म्हणून ती असली तरी लोक सांगत नाहीत. मोडशी किंवा ढाळ म्हटलं की कोणी दचकत नाही, म्हणून ती गंभीर असली तरी उशीर होतो. रोगाच्या नोंदवहीत शब्द लिहिण्याआधी किती वेळा झालं, पाणी धुवणासारखं पांढरं आहे का, लघवी शेवटची कधी झाली, पिंढऱ्यांत गोळे येतात का, एवढं विचारून घेणारी आशा ताई ओर्ताने केलं तेच करते. ती मराठीत विचारते, समोरची बाई बिचकली तर कन्नडमध्ये विचारते, आणि उत्तर येईपर्यंत ओआरएसचं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ओतून ढवळायला घेते.